आईची कावीळ आणि रोजचा गुळवेलीचा काढा

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. आई 56 वर्षांच्या, दहा वर्षांपासून थायरॉइडची गोळी चालू. प्रतिकारशक्तीसाठी चांगली म्हणून दोन महिने रोज सकाळी अनशापोटी गुळवेलीचा काढा घेत होत्या. आधी अन्नावरची वासना उडाली, मग लघवी गडद झाली, मग डोळे पिवळे. बिलिरुबिन (रक्तातलं काविळीचं पिवळं द्रव्य) 11.2, एसजीपीटी (यकृताच्या पेशी फुटल्या की रक्तात वाढणारा आकडा) 860. हेपॅटायटिस ए, बी, सी, ई चारही निगेटिव्ह, सोनोग्राफीत खडा नाही की अडथळा नाही. डॉक्टरांनी काढा बंद करायला सांगितला. त्यावर मामा म्हणतात, "गुळवेलीला अमृता म्हणतात, काविळीवर तीच देतात, तिने कावीळ कशी होईल?" घरात दोन तट पडलेत आणि तुम्ही विचारताय की खरं कुणाचं, हे गुळवेलीनेच झालं कशावरून, आणि पुढे कधी काढा घेता येईल का.

मी फिजिशियन आहे. जिल्ह्याच्या गावात बावीस वर्षं प्रॅक्टिस करतो. अशा काविळी करोनाच्या काळापासून मी बऱ्याच पाहिल्या, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी घाईचं. काढा आजपासून बंद. घरातला वाद मिटायची वाट पाहू नका. पीटी-आयएनआर ही रक्ताची तपासणी झाली नसेल तर उद्या सकाळीच करून घ्या. रक्त गोठवणारी द्रव्यं यकृत तयार करतं, त्यामुळे यकृताचं काम किती चालू आहे हे या आकड्यावरून कळतं. एसजीपीटीवरून फक्त पेशी किती फुटल्या ते कळतं. पुष्कळदा घरचे सांगत येतात की एसजीपीटी 800 वरून 200 वर आला, आता बरं वाटतंय. आयएनआर वाढत असताना एसजीपीटी उतरला तर त्याचा अर्थ फुटायला पेशीच उरल्या नाहीत असाही असू शकतो. आई दिवसा पेंगत असतील आणि रात्र रात्र जाग्या असतील, बोलताना घोटाळा होत असेल, ओळखीच्या माणसाचं नाव चुकत असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल, पोट फुगत असेल किंवा उलट्या थांबत नसतील, तर सकाळ होण्याची वाट न पाहता यकृततज्ज्ञ असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्या. औषधाने यकृताला इजा होऊन कावीळ दिसण्याइतकी वेळ आली, तर दहातल्या साधारण एकाचा जीव जातो किंवा यकृत बदलावं लागतं, असा आमच्याकडचा जुना आडाखा आहे. घाबरवायला लिहीत नाही. दहातले नऊ वाचतात. पण त्या एकाला वेळेवर ओळखावं लागतं.

आता मामा. त्यांना मी चुकीचं ठरवायला बसलेलो नाही. त्यांनी आयुष्यभर हेच पाहिलंय. दारातल्या कडुनिंबावर चढलेली वेल, ताप आला की बोटभर तुकडा ठेचून काढा, आणि ताप उतरायचा. पण मामा आणि मी एका गोष्टीवर एकमताचे आहोत: गुळवेल प्रतिकारशक्तीवर काम करते. तसं ती खरंच करत असेल, तर ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःच्याच शरीरावर उलटलेली आहे त्यांच्यात ती काय करेल? तुमच्या आईंचा थायरॉइड का मंदावला असेल? त्यांच्या वयाच्या बायकांमध्ये याचं नेहमीचं कारण म्हणजे स्वतःच्याच संरक्षक पेशींनी थायरॉइडच्या ग्रंथीवर केलेला हल्ला. अशा माणसांत हाच प्रकार यकृताबाबत होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. काहींच्या यकृतात तो आधीपासून धुमसत असतो, पण लक्षण एकही नसतं. त्यात रोज प्रतिकारशक्ती चेतवणारं काही पोटात गेलं की जे झाकलेलं होतं ते बाहेर येतं. ज्या गुणासाठी मामा गुळवेल देतात, नेमका तोच गुण इथे नडला, असं मला वाटतं.

हा माझ्या एकट्याचा तर्क नाही. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या चार महिन्यांत मुंबईच्या यकृततज्ज्ञांना असे सहा रुग्ण सापडले. सगळे गुळवेल घेत होते आणि तपासणीसाठी काढलेल्या यकृताच्या तुकड्यांत स्वतःवर उलटलेल्या प्रतिकारशक्तीसारखं चित्र दिसत होतं. हे 2021 मध्ये प्रसिद्ध झालं. आयुष मंत्रालयाने त्यावर जाहीर आक्षेप घेतला: रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती हे तपासलेलं नाही, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरीच जात असू शकते. आक्षेपात तथ्य आहे आणि त्याकडे मी पुढे येतो. नंतर देशातल्या 13 केंद्रांनी मिळून 43 रुग्णांची नोंद मांडली. त्यात गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतच्या काळाचा मध्य 46 दिवसांचा होता, म्हणजे निम्म्यांना त्याआधी त्रास झाला आणि निम्म्यांना त्यानंतर. आईंचे दोन महिने आणि हे 46 दिवस एकमेकांशेजारी ठेवून बघा. या रुग्णांत काहींना नुसता हेपॅटायटिस, म्हणजे यकृतदाह, झाला, काहींचा आधीचा यकृताचा आजार एकदम बळावला, तर काहींचं यकृत निकामी झालं.

सारखी दिसणारी वेल खरोखर आहे. गुळवेलीच्या काडीवरची साल पातळ, कागदासारखी असते. नखाने सोलली की आत हिरवं दिसतं, आडवी कापली की चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते. तिच्या दुसऱ्या भावंडाच्या काडीवर मात्र ठळक मसांसारखे उंचवटे असतात. 2021 मध्ये माझ्याकडे एक निवृत्त एसटी कंडक्टर आले होते, असेच पिवळेधमक. त्यांच्या बायकोने पिशवीतून वेलीचे करंगळीएवढे जाड तुकडे काढून माझ्या टेबलावर ठेवले. साल सुटत होती, आत हिरवं, कापलं तर आरे. मला तरी ती गुळवेलच वाटली, शेजारच्या वैद्यांनाही दाखवली, तेही तेच म्हणाले. पण डोळ्यांनी केलेली ओळख म्हणजे प्रयोगशाळेची तपासणी नव्हे, हे मला मान्य आहे. म्हणून मी सगळ्यांना सांगतो: उरलेली वेल, चूर्णाचा डबा, गोळ्यांची बाटली यातलं काही फेकू नका. बाटलीवरचा बॅच नंबर फोनमध्ये टिपून ठेवा. तुमच्याही घरात वेलीचा तुकडा राहिला असेल तर कागदात गुंडाळून बाजूला ठेवा.

त्या कंडक्टरांच्या बाबतीत मला एक गोष्ट अजून टोचते. पहिल्या भेटीत मी त्यांना विचारलं होतं, "काही आयुर्वेदिक औषध घेता का?" ते म्हणाले, "नाही." मी पुढे विचारलं नाही. ते खोटं बोलले नव्हते. काढा त्यांच्या लेखी औषधच नव्हता, तो चहासारखा होता. त्या एका उत्तरापायी त्यांचा काढा आणखी नऊ दिवस चालू राहिला. कावीळ झाली म्हणून उलट दोन वेळा घेत होते. तेव्हापासून मी तसं विचारत नाही. मी विचारतो, "सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत तोंडात काय काय जातं?" मग निघतं सगळं: कोमट पाण्यात काहीतरी चूर्ण, जावयाने आणलेल्या अश्वगंधाच्या गोळ्या, दुधीचा रस, गुडघ्यासाठी कुणाची तरी पुडी. तुमच्या आईंनाही शांतपणे बसून असंच विचारा आणि कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या. गुळवेलीखेरीज आणखी काही होतं का, हे कळणं फार महत्त्वाचं आहे. अश्वगंधा आणि बावची यांनीही यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

गुळवेलीनेच झालं कशावरून, या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर असं की "ही कावीळ गुळवेलीची" असं छापून देणारी रक्ताची तपासणी नाही. आम्ही एकेक कारण वगळत जातो. विषाणू वगळले, खडा वगळला, हे तुमच्याकडे झालंय. दारू, टीबीची औषधं, आकडीची औषधं, वेदनाशामक गोळ्या यांची चौकशी करतो. मग एएनए आणि आयजीजी या रक्ताच्या तपासण्या बघतो, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःवर उलटलीय का ते कळतं. गरज वाटली तर यकृताचा सुईने तुकडा घेतो (बायॉप्सी). मग वेळेचा हिशेब: कधी सुरू केलं, कधी त्रास झाला. आणि सर्वात बोलका पुरावा म्हणजे बंद केल्यावर आकडे उतरतात का. पुन्हा सुरू केल्यावर वाढले तर खात्रीच होते, पण ती परीक्षा कुणीही मुद्दाम घ्यायची नसते. दुसऱ्या खेपेला इजा बहुधा लवकर होते आणि जास्त होते. म्हणून "थोडंसं घेऊन बघू" हा मार्ग तुमच्या घरात बंद.

आईंच्या बाबतीत मी इथे बसून "नक्की" म्हणणार नाही. थायरॉइड, दोन महिने, विषाणू नाहीत, अडथळा नाही, एवढ्यावरून शक्यता दाट आहे. आयजीजी बराच वाढलेला निघाला तर आणखी दाट होईल, पण मग नवा प्रश्न उभा राहतो: हे काढ्यापुरतं होतं, की आईंना स्वतंत्र असा ऑटोइम्यून हेपॅटायटिस, म्हणजे स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने होणारा यकृतदाह, आहे आणि काढ्याने तो फक्त उघड केला? याचं उत्तर आज मिळत नाही. स्टेरॉइडची गोळी द्यावी लागली, तर काही महिन्यांनी ती कमी करत आणल्यावर आजार परत येतो की नाही, त्यावरून कळतं.

मामा आणखी एक म्हणतील, शेजारच्या काकू दोन वर्षं रोज घेतात, त्यांना काही झालं नाही. खरं आहे, आणि पुढेही बहुधा होणार नाही. लाखो लोकांनी करोनात गुळवेल घेतली आणि फार थोड्यांना कावीळ झाली. ही इजा विषासारखी मापात होत नाही, की एवढे ग्रॅम घेतले तर सगळ्यांनाच व्हावी. ती त्या त्या माणसाच्या जनुकांवर, प्रतिकारशक्तीवर, यकृताच्या आधीच्या स्थितीवर ठरते. शेंगदाणे सगळं गाव खातं आणि एखाद्याच पोराचा घसा सुजतो, तसं. म्हणून काकूंचं उदाहरण काकूंपुरतं खरं. तुमच्या आईंबद्दल ते काही सांगत नाही.

आता काविळीवर गुळवेल देतात त्याबद्दल. आपल्याकडे कावीळ उतरवणारे गावोगाव आहेत. कुणी माळ घालतं, कुणी नाकात देवडांगरीचा रस सोडतं. तो रस सोडला की नाकातून तासन्‌तास पिवळं पाणी गळतं आणि सगळ्यांना वाटतं कावीळच गळून पडतेय. ती अतिशय कडू आणि दाहक वनस्पती आहे, नाकाचं अस्तर भाजल्यासारखं होऊन ते पाणी सुटतं. धडधाकट माणसाच्या नाकात सोडला तरी पाणी गळेलच. (तिच्यातली कडू द्रव्यं कडू दुधीत असतात त्याच जातीची. दुधीचा रस कडू लागला तर पहिल्या घोटालाच थुंकून टाकावा, त्याने रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावली आहेत.) मग या उपायांनी लोक बरे कसे होतात? कारण आपल्याकडची बहुतेक कावीळ हेपॅटायटिस ए किंवा ई ची, दूषित पाण्याने होणारी. ती बहुधा काहीही न करता चार-सहा आठवड्यांत आपोआप उतरते. त्या आठवड्यांत जो उपाय केला असेल त्याला यश मिळतं. आईंची कावीळ त्या जातीची नाही. तिला सोडून दिलं तर ती उतरेल याची हमी नाही. कुणी कितीही आग्रह केला तरी आता यकृताला काहीही नवं पाजू नका, भुईआवळीसुद्धा नको. भुईआवळी वाईट आहे म्हणून नव्हे. पुढच्या आठवड्यात आकडे वाढले तर ते कशाने वाढले हे कळायलाच मार्ग राहणार नाही.

झाडपाल्याचं औषध ताबडतोब बंद करा हा माझा नियम, पण त्याला एक मोठा अपवाद आहे आणि तो कुणीतरी वाचेल म्हणून लिहून ठेवतो. सांधेदुखी, दमा किंवा अंगदुखीवर कागदात बांधून दिलेली, नावगाव नसलेली पुडी, जिने दोन दिवसांत जादूसारखा गुण येतो, तिच्यात स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. काही महिन्यांत चेहरा चंद्रासारखा गोल होतो, पोट सुटतं, हातावर जरा लागलं की निळे डाग पडतात, साखर वाढते. अशा माणसाने पुडी एकदम थांबवली तर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तोवर आटलेलं असतं, रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, माणूस बेशुद्ध पडू शकतो. मी एका आजींना अशा स्थितीत दाखल केलंय, मुलाने चांगल्या हेतूने पुड्या गटारात टाकल्या होत्या. तिथे पुडी घेऊन आधी डॉक्टरांकडे जायचं, पर्यायी औषध सुरू करायचं आणि हळूहळू उतरायचं. तुमच्या आईंनी अशी पुडी घेतलेली नाही याची एकदा खात्री करा.

धातूंचं थोडक्यात सांगतो. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या बोस्टन भागातल्या दुकानांतून दक्षिण आशियात बनलेली 70 आयुर्वेदिक उत्पादनं घेऊन तपासली, त्यातल्या 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. शिशाचा त्रास कावीळ म्हणून येत नाही. तो पोटात कळा, बद्धकोष्ठ, न हटणारा अशक्तपणा असा येतो. कुणी महिनोन्‌महिने भस्माच्या गोळ्या घेत असेल आणि पोट दुखून दुखून सगळ्या तपासण्या नॉर्मल येत असतील, तर रक्तातलं शिसं मोजायला सांगावं.

"आणि तुमच्या ॲलोपॅथीने लिव्हर जात नाही का?" हा प्रश्न मला रोज विचारतात. जातं. भारतात औषधाने यकृताला इजा होण्याच्या कारणांत टीबीची औषधं अगदी वरच्या स्थानी आहेत, आणि ती मीच लिहून देतो. पण देताना मला ठाऊक असतं की यांनी हे होऊ शकतं. म्हणून मी रुग्णाला बजावतो की मळमळलं किंवा लघवी गडद झाली तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी ये. तुमच्या आईंना काढा देताना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना आधी अन्न नकोसं झालं, तेव्हाच काढा थांबला असता तर डोळे पिवळे होण्याआधी हे प्रकरण संपण्याची बरीच शक्यता होती. चांगला वैद्य हे सांगतो. माझ्या शेजारचे वैद्य नाडी बघण्याआधी थायरॉइडचं विचारतात आणि कुठलाही काढा किती दिवसांनी थांबवायचा ते चिठ्ठीवर लिहून देतात. फोनवर फिरणारा निरोप हे करत नाही.

पुढचं असं करा. थायरॉइडची गोळी थांबवू नका, घरात घाबरून ती बंद करणारे मी पाहिलेत. क्रोसिनसारखी तापाची गोळीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. पहिले काही दिवस बिलिरुबिन, एसजीपीटी आणि आयएनआर डॉक्टर सांगतील त्या अंतराने, बहुधा दोन-तीन दिवसांनी करावं लागेल, मग आठवड्याने. नुसतं बंद करून आकडे उतरू लागले तर बऱ्याच जणांना आणखी काही लागत नाही. उतरले नाहीत, आयजीजी वाढलेला असला आणि बायॉप्सीत तसं दिसलं, तर यकृततज्ज्ञ स्टेरॉइडची गोळी सुरू करतील. पुडीतल्या स्टेरॉइडबद्दल वर वाचून या गोळीला घाबरू नका. ही मोजून, लक्ष ठेवून देतात, आणि अशा आजारात तीच यकृत वाचवते. कावीळ पूर्ण उतरायला काही आठवडे ते दोन-तीन महिने लागू शकतात. तोवर मऊ भात, वरण, भाकरी, ताक, अंडं, जे जाईल ते खाऊ द्या. तेल-तूप-हळद बंद करून नुसत्या उकडलेल्या भाज्यांवर ठेवायची गरज नाही, त्याने माणूस खंगतो. आकडे नॉर्मल झाल्यावरही किमान वर्षभर दर तीन महिन्यांनी तपासणी ठेवा.

पुन्हा कधी गुळवेल? आईंनी कधीच नाही. काढा नाही, सत्त्व नाही, आणि गुळवेल घातलेली मिश्र चूर्णं-गोळ्याही नाहीत. हिंदीत तिला गिलोय म्हणतात आणि पुष्कळ डब्यांवर गुडूची असं लिहिलेलं असतं, तेव्हा तिन्ही नावं आईंना पाठ करून द्या आणि त्यांच्या फाइलीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहा. घरातल्या इतरांनी घ्यावी का, हे त्यांच्या त्यांच्या प्रकृतीवर आहे, पण मावशी किंवा बहिणीलाही थायरॉइड, संधिवात किंवा अंगावर पांढरे डाग असतील तर मी त्यांनाही नको म्हणेन.

आणि हे नोंदवा. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी देशाची यंत्रणा आहे, तिचा फोन नंबर 1800-180-3024. रुग्णाचे नातेवाईकही कळवू शकतात. डॉक्टरांना फॉर्म भरायला सांगा आणि मागे लागून भरून घ्या. आयुष मंत्रालयाचा आक्षेप होता की वनस्पतीची ओळख पटलेली नाही. तुमच्याकडे वेलीचा तुकडा शिल्लक असेल तर आईंच्या बाबतीत तो आक्षेप दूर करता येईल. मामांनाही मी हेच सांगेन: वेल कुठून आणली ते नीट आठवून लिहून द्या, त्यांच्याइतकं ते दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही.

आयएनआर आणि आयजीजीचे आकडे आले की मला कळवा. आयएनआर 1.5 च्या वर असेल तर मला कळवण्यात वेळ घालवू नका, आईंना घेऊन निघा.